कंत्राटराव मधले यांना खुले पत्र

श्री. रा. रा. कंत्राटराव मधले यांस,
मुक्काम : शासन आणि कामगार यांच्या मधली जागा



आपला पत्ता काही केल्या मिळेना, म्हणून हे पत्र छापून पाठवतो आहे. शोधलं नाही असं नाही. रुग्णवाहिकेवरच्या एका ओळखीच्या चालकाचा तीन महिन्यांचा पगार रखडला होता, त्याच्यासोबत एका कार्यालयात गेलो. तिथले साहेब सज्जन. म्हणाले, "तो आमचा माणूसच नाही हो, एजन्सीचा आहे." एजन्सीला फोन लावला. तिथल्या बाई त्याहून सज्जन. म्हणाल्या, "वरून बिलच निघालं नाही, आम्ही कुठून देणार?" पुन्हा साहेबांकडे. साहेब म्हणाले, "बिल त्यांनी चुकीच्या नमुन्यात दिलंय." म्हणजे साहेब निर्दोष, बाई निर्दोष, आणि पगार गायब. या दोन निर्दोष माणसांच्या मधल्या फटीत कुणीतरी ऐसपैस मांडी घालून बसलेलं आहे, हे तेव्हा ध्यानात आलं. म्हणून मुक्कामाचा पत्ता वर लिहिलाय तसा लिहिला. चुकला असल्यास टपालखातं बघून घेईल.

आधीच सांगून ठेवतो, हे पत्र कुठल्या एका कंपनीला नाही. कंपन्या बिचाऱ्या येतात आणि जातात. सरकारंही येतात-जातात, मंत्री तर त्याहून लवकर. तुम्ही मात्र आहात तिथेच आहात. सफाईत तुम्ही, सुरक्षारक्षकांत तुम्ही, शाळेच्या शिपायांत तुम्ही. पण माझा विषय एवढा मोठा नाही. छातीत कळ आली, पोटात कळा सुरू झाल्या, हायवेला गाडी उलटली, की ज्यांना आपण फोन लावतो त्या माणसांपुरतंच बोलतो.

२६ जानेवारी २०१४ ला महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. कल्पना शेजारची. हैदराबादेत ती २००५ सालीच चालू झाली होती, आणि सोलापूरच्या निम्म्या पूर्वभागाचं सोयरिकीचं येणंजाणं तिकडचंच, त्यामुळे तिची कीर्ती आपल्याकडे गाडीच्या आधी पोचली होती. महाराष्ट्राने त्यात स्वतःची भर घातली : प्रत्येक गाडीत डॉक्टर. एकूण ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ अत्याधुनिक जीवरक्षक उपकरणांच्या आणि ७०४ प्राथमिक उपकरणांच्या. फोन माढ्यातून करा की मंगळवेढ्यातून, तो वाजतो पुण्याला, औंधच्या छाती रुग्णालयाच्या आवारात. तिथून जवळच्या गाडीला निरोप. सेवा चालवायला दिली भारत विकास ग्रुपकडे. योजना चांगली होती, आहे. या पत्रात उपरोध बराच असला तरी हे वाक्य सरळ वाचावं.

तर तेव्हा ठरलं ते असं. गाडी सरकारची. गाडीवरचं नाव सरकारचं. फीत कापायला आलेले मंत्री सरकारचे. आत बसलेली दोन माणसं तेवढी तुमची.

१०२ क्रमांकाच्या गाड्यांचंही फारसं वेगळं नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम जून २०११ मध्ये आला. गरोदर बाईला घरून दवाखान्यात न्यायचं, बाळंत झाली की बाळासकट घरी सोडायचं, पैसा घ्यायचा नाही. हे वचन सरकारचं. पण रात्री दोन वाजता सांगोल्याकडच्या एखाद्या वस्तीवर, बाभळींच्या फांद्या काचेवर घासत गाडी नेऊन ते वचन पाळणारा चालक पुष्कळदा तुमचा.

आता एक कायद्याची गंमत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचं दहावं कलम म्हणायचं की, एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत बंद करायची का, हे ठरवताना ते काम बारमाही आहे का ते बघावं. कंत्राटराव, तुम्हीच सांगा, सोलापूर जिल्ह्यात जीव धोक्यात येणं हे काम बारमाही की हंगामी?

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो पेपरात येतात, आणि पाठोपाठ टेंभुर्णी, मोडनिंब, मोहोळच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर उतरतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पुढे मात्र टेप असा लावलेला, की रुग्णवाहिकेचा सायरन ड्रायव्हरला त्या गाण्यातलाच वाटावा. रात्री एखादी दुचाकी सरळ त्या उसात शिरते. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा : नंदीध्वज, अक्षता, गड्डा, माणसांचा महापूर, आणि पुराच्या काठाला एक गाडी उभी. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर. मजूर उभ्या उभ्या कोसळतो आणि भोवतीचे लोक त्याला कांदा हुंगवत बसतात. आषाढीला पालख्या जिल्ह्यात येतात, धर्मपुरी, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीला पोचतात. 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' असे फलक लागतात. फलकावर साहेबांचे हसरे चेहरे आणि फलकाखाली सावली शोधत थांबलेल्या आपल्या गाड्या. कोजागिरीला सोलापूर तुळजापूरच्या वाटेला लागतं, पायाला फोड आणि घाटात धाप. तोवर दिवाळी येतेच.

हंगाम मोजत बसलं तर वर्ष भरतं. तरीही काम तात्पुरतं. २०१४ साली पंचविशीत लागलेला चालक, १०८ च्या भाषेत पायलट, आता चाळिशीकडे झुकलाय. पुढचे केस गेले, कंबर धरते, मुलगी मोठ्या शाळेत गेली. तो आहे तसाच तात्पुरता. तुमच्या कराराला मात्र मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. पुढे २०२४ मध्ये नव्या कराराचं घाटलं, त्यात स्पेनमधली एक कंपनीही भागीदार म्हणून आली. रकमेवरून आरोप झाले, उत्तरं झाली, पेपरांचे रकाने भरले. त्या सगळ्या धुरळ्यात गाडीतल्या दोन माणसांना महिन्याला काय मिळणार, यावर कुणी आवाज चढवल्याचं निदान माझ्या तरी वाचनात आलं नाही. भांडण कोटींचं होतं. कोटींच्या भांडणात हजारांना कोण विचारतो?

तुम्ही दर ठरवता, पण काम पाहिलं नसेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. अशोक चौकाच्या मागच्या बाजूला, खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाडं असलेली इमारत. लोखंडी जिना, एका वेळी एकच माणूस जाईल असा. दुसऱ्या मजल्यावर एका म्हातारीला दम लागलेला, आणि तिचं वजनही बेताचं नव्हतं. गाडी आली. डॉक्टर मुलगी, बीएएमएस झालेली, असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. तिने वर जाऊन ऑक्सिजन लावला, नाडी धरली, बीपी घेतलं. खालचे माग चालूच होते, त्यामुळे स्टेथोस्कोपमधून तिला काय ऐकू आलं असेल ते सिद्धेश्वरालाच ठाऊक. शेवटी पायलटने खिडकीतून ओरडून माग बंद करायला लावले. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरेना. पायलटने तो खाली भिंतीला टेकवला, वर आला आणि म्हणाला, "चादर द्या."

त्या घरात चादरींना काय तोटा! जाड सोलापुरी चादर, अजून कडक, घडीच्या रेघा तशाच. म्हातारीला तिच्यावर घेतलं, चार कोपरे चौघांनी मुठींत पिळून धरले. पायलट खालच्या बाजूला, म्हणजे उतरताना सगळा भार जिथे येतो तिथे, आणि तो उलट्या पावली उतरायला लागला. एक-एक पायरी पायाने चाचपत. तोंडाने म्हातारीशी बोलणं चालू. आधी मराठीत विचारलं, ती नुसतीच बघत राहिली. मग म्हणाला, "एक्कड नोप्पि, अम्मा?" तेव्हा तिने हात उचलून छातीवर ठेवला. डॉक्टर मुलीला हवी ती माहिती त्या हाताने दिली. हाच माणूस अक्कलकोटच्या बाजूला कॉलवर गेला की "एल्लि नोवु?" म्हणतो, आणि विजापूर वेशीत गेला की दखनीत. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, "सोलापुरात जन्मलं की येतंय की ते."

म्हातारीला सिव्हिलला पोचवलं. तिथे वॉर्डाचा स्ट्रेचर रिकामा होईपर्यंत गाडीचा स्ट्रेचर अडकला, तो सुटेपर्यंत दोघं दारात उभे. मग कागद भरायचे : कॉल कधी, निघालो कधी, पोचलो कधी, रुग्ण कोणाच्या ताब्यात दिला, सही. मग गाडीची फरशी पुसायची. ती पायलटनेच पुसली. पुसता पुसता मोबाइल वाजला आणि बादली तशीच मागे ठेवून गाडी निघाली.

आता तुमच्या दरपत्रकात या कामाचा रकाना शोधू. वाहन चालवणे, हा आहे. चादरीचा खालचा कोपरा धरणे, हा नाही. चार भाषांत दुखणं विचारणे, नाही. यंत्रमाग बंद करायला लावणे, नाही. तुमच्या शास्त्रात माणसाचे प्रकार ठरलेले : कुशल, अर्धकुशल, अकुशल. माझ्या डोळ्यांदेखत जे झालं ते यांतल्या कुठल्या प्रकारात मोडतं, ते एकदा त्या जिन्यावर उभे राहून सांगा. मी खालून ऐकतो. बरं, दिल्लीने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला आणि आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ हा एक रीतसर व्यवसाय म्हणून त्याच्या यादीत घातला. यादी दिल्लीहून निघाली आहे. रेल्वेने आली असती तर एव्हाना सोलापूर स्टेशनात उतरली असती.

पगाराचा आकडा लिही, असं मला तो ओळखीचा चालक स्वतःच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, नको लिहू, ओळखतील. म्हणून लिहीत नाही. तुलनेला फक्त दुसरा आकडा देतो, तो सरकारी आहे आणि लाजण्यासारखा नाही. राज्य शासनाच्या वाहनचालकाला सातव्या वेतन आयोगात एस-६ ही श्रेणी : मूळ वेतन १९,९०० पासून ६३,२०० पर्यंत. त्यावर महागाई भत्ता, तो आता मूळ वेतनाच्या निम्म्याहून जास्त. त्यावर घरभाडे, दरवर्षी वेतनवाढ, वैद्यकीय बिलं, रजा. हा चालक साहेबांना घरून कार्यालयात आणि कार्यालयातून घरी सोडतो. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला मिळतं ते योग्यच मिळतं. पण साहेब वेळेत पोचले नाहीत तर कुणी मरत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. ज्याच्या गाडीत माणूस मरू शकतो त्याचा हातात येणारा पगार या १९,९०० च्याही बराच खाली राहतो, ही किमया तुमची.

आणि तोही कधी? आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पण आज कुठल्या पेठेला सुटणार ते आदल्या दिवशी कळतं. तुमच्या पगाराची पाळी कुणालाच कळत नाही. चहाच्या गाड्यावर मी त्या ओळखीच्या चालकाला विचारलं होतं, "पगार येतो ना वेळेवर?" तो म्हणाला, "येतंय की. कवा ते इचारू नका, येतंय." दुकानदार उधारी देतो का, हे विचारायची गरज पडली नाही, चहाचे पैसे त्याने त्या गाड्यावरच्या वहीत मांडायला सांगितले. आणि माझेही.

वेळेचं म्हणाल तर तुम्ही तितके ढिलेही नाही. कॉल लागल्यापासून गाडी हलायला किती मिनिटं लागली, हे पुण्यात बसून दिसतं. वाटेत गाडी कुठे थांबली, किती थांबली, जीपीएस सगळं सांगतो. डिझेलचा थेंब मोजता. उशीर झाला तर नोटीस. इतका काटेकोर माणूस महिन्याची सात तारीख कशी विसरतो? भविष्य निर्वाह निधी कापायला मात्र विसरत नाही. कामगाराचा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा, दोन्ही त्याच्याच नावावर ठरलेल्या पगारातून वळते करायची कला काही ठिकाणी चालते असं ऐकतो. ऐकीव आहे. खरं असेल तर कलेला दाद द्यायलाच हवी.

तुमच्यातली सर्वांत मोठी खुबी मला करोनात कळली. २२ मार्च २०२०, संध्याकाळचे पाच : गच्च्यांवर ताटं, पळ्या, शंख. आमच्या गल्लीत एकाने पितळी घंगाळ फुटेस्तोवर बडवलं. १२ एप्रिलला सोलापुरात पहिला रुग्ण सापडला, पाच्छा पेठ सील झाली, आणि पुढे सायरन इतका वाजायला लागला की पोरं सायरनवरून गाडी १०८ आहे की खासगी ते ओळखायला लागली. ३ मेला देशभरात हवाई दलाने हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं टाकली. ताटं आणि फुलं यांचं मला काही म्हणायचं नाही, ती फुकटात होतात. मला म्हणायचंय ते विम्याचं. मार्च २०२० मध्येच केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमाकवच जाहीर केलं. त्यात कंत्राटी होते, रोजंदारीवरचे होते, बाहेरच्या एजन्सीमार्फत घेतलेलेही होते. फार चांगली गोष्ट. पण नीट बघा, त्या कागदावर तुमची भिंत किती सहज पडली! माणूस ड्यूटीवर गेला तर तो कुणाचा, एजन्सीचा की शासनाचा, हा प्रश्नच नाही; तो देशाचा. श्वास चालू असेपर्यंत मात्र तो तुमचा. ५० लाख रुपये मिळवायला त्याने फक्त मरायचं होतं, आणि अर्जही स्वतः करायचा नव्हता.

भैया चौकात आमच्या गावच्या एका डॉक्टरांचं स्मारक आहे, तुम्ही पाहिलं नसेल. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ साली काँग्रेसने चीनला मदतीसाठी जे पाच डॉक्टर पाठवले त्यांत हे होते. युद्धात जखमी झालेल्यांना हाताशी असेल त्या साधनांनी वाचवायचं, हे काम करता करता ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. चीनचे पाहुणे अजून त्यांचं नाव काढतात.

नशीब, १९३८ मध्ये तुम्ही नव्हता. नाहीतर 'चीन येथे पाच (५) नग डॉक्टर पुरविणे' अशी निविदा निघाली असती. बयाणा रक्कम, मागच्या तीन वर्षांची उलाढाल, युद्धभूमीवरील कामाचा अनुभव असल्यास दाखला जोडावा. सर्वांत कमी देकार ज्याचा, त्याचे डॉक्टर बोटीवर. कोटणीसांनी एका लढाईत सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या असं सांगतात. तुमच्या हजेरीच्या मशीनने त्याचे आठ-आठ तासांचे तीन दिवस मांडले असते आणि उरलेल्या ४८ तासांपुढे 'पूर्वपरवानगी नाही' असा शेरा मारला असता. शेवटच्या दुखण्यात रजा शिल्लक नाही म्हणून गैरहजेरी लागली असती ती वेगळीच. आणि स्मारक? स्मारकाचंही कंत्राट तुम्हालाच मिळालं असतं, त्याची मात्र मला खात्री आहे.

तुमचे भाऊबंद परदेशातही आहेत, त्यामुळे एकटं वाटून घेऊ नका. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात १९६७ साली 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा निघाली. तोवर तिथे आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी यायची, नाहीतर अंत्यविधीवाल्यांची. पीटर सफर नावाच्या भूलतज्ज्ञाने काळ्या वस्तीतल्या बेकार तरुणांना महिनोन्‌महिने शिकवून तयार केलं, आणि आज जगभर पॅरामेडिक जे करतात त्यातलं पुष्कळ त्यांनी आधी रस्त्यावर करून दाखवलं. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद. ज्यांनी धंदा शिकवला ते नव्या व्यवस्थेत एकेक करून बाहेर पडले. आपल्याकडे करार बदलायची चर्चा सुरू झाली की गाडीवरच्या माणसांच्या पोटात गोळा येतो, तो पिट्सबर्ग वाचून आलेला नसतो.

कोर्टाचं तुम्हाला भय नाही, हेही कबूल करायला हवं. २६ ऑक्टोबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने पंजाब विरुद्ध जगजितसिंग या खटल्यात सांगितलं की, सरकारकडे तात्पुरते असले तरी समान कामाला समान वेतन. लोकांनी पेढे वाटले. मग गाडीवरचा माणूस त्या निकालाची झेरॉक्स घेऊन गेला की त्याला पहिला प्रश्न येतो, "तुला नेमलं कुणी?" तो तुमचं नाव सांगतो. तिथेच विषय संपतो. सरकारने थेट नेमलेल्यांसाठी दिलेला निकाल तुमच्या दारातून आलेल्याला पुरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने नऊ एजन्स्यांमार्फत भरतीचा निर्णय काढला, राज्यभर आरडाओरडा झाला आणि ऑक्टोबरात तो मागे घेतला गेला. तेव्हा क्षणभर वाटलं, तुमचे दिवस भरले. पण रद्द झाला तो कागद. गाडीचा पुढचा कॉल आला तेव्हा आत तुमचीच माणसं होती. पुढे मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या दहा वर्षं झालेल्या कंत्राटींना सामावून घेण्याचा शासन निर्णय निघाला, तो किती अंमलात आला यावर पुन्हा आंदोलनं झाली. त्या रांगेतही १०८ चा पायलट नाही. तो कुठल्याच रांगेत नाही, कारण रांग लावायला आधी कुणीतरी आपलं म्हणावं लागतं.

आम्हा सोलापूरकरांचंही थोडं सांगतो, म्हणजे सगळा दोष तुमच्या पदरात टाकला असं व्हायला नको. गाडी पाच मिनिटं उशिरा आली की आम्ही पहिली शिवी पायलटला देतो, दुसरी डॉक्टर मुलीला. रुग्ण वाटेत गेला की काच फोडतो. डॉक्टर आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तो सिव्हिलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला असतो आणि त्याच्याच खाली आम्ही बाह्या सरसावतो. सायरन ऐकून रस्ता द्यायच्या ऐवजी तिच्या मागे गाडी लावून सिग्नल ओलांडणारे आमच्यात आहेत. सात रस्ता चौकात उभं राहून बघा. त्याच पायलटचा पगार रखडल्याची बातमी सातव्या पानावर आली की आम्ही पान उलटतो. या सगळ्याचा तुम्हाला फार आधार आहे, हे मला दिसतं.

माझं मागणं मोठं नाही. कायम करा वगैरे मी म्हणत नाही. ते संघटना म्हणतील, आणि त्यांनी म्हणावं. मला हवं ते असं : महिन्याच्या सात तारखेला पगार, आणि सोबत कापाकापी दाखवणारी पगाराची चिठ्ठी. बारा तासांची ड्यूटी लावलीत तर वरच्या चार तासांचे दुप्पट दराने पैसे. गाडी जिथे उभी राहते तिथे एक खोली, पंखा आणि संडास. डॉक्टर मुलींनी रात्रपाळीला पाणी प्यायचं टाळावं लागू नये एवढ्यासाठी. करार बदलला तरी माणसं तीच आणि त्यांची सेवा सलग धरणार, एवढं नव्या करारात एका ओळीत लिहा. आणि शासनाला सांगा, १९७० च्या त्याच कायद्याच्या एकविसाव्या कलमात होतं की, कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यावा आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावा. मूळ मालक म्हणजे कोण, हे त्या सज्जन साहेबांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. मी सांगितलं असतं, पण त्यांची मीटिंग होती.

कळावे, लोभ आहेच. तो वाढवू नये ही विनंती.

आपला,
एक सोलापूरकर

ता. क. : एका गाडीमागे शासन दरमहा किती रक्कम देतं आणि त्यातली किती आतल्या दोघांच्या खात्यात पोचते, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तयार ठेवला आहे. हे व्यापारी गुपित आहे असं तुम्ही म्हणाल, त्याची तयारी केली आहे. एरवी उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. पण माहिती कुणाच्या जीविताशी संबंधित असेल तर कायद्याने ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या वरच्या ओळीत मी तेच लिहिलं आहे.